बांधावरचा पाला गव्हाणीत कसा आणायचा

ज्वारीच्या कडब्यात प्रथिनं जेमतेम ३ ते ४ टक्के असतात. शेवरी, सुबाभूळ, हादगा, शेवगा यांचा वाळलेला पाला मोजला, तर २० टक्क्यांच्या आसपास, कधी त्याहून जास्त. पानमळ्यात वेलींना आधार म्हणून शेवरी-हादगा लावणाऱ्यांच्या शेळ्यांना हे कधीच कळलंय. आपण मात्र उन्हाळ्यात पेंडीच्या पोत्यावर पैसे घालतो आणि बांध मोकळा ठेवतो.

लावण पावसाच्या सुरुवातीला करा. सुबाभळीच्या बियांचं कवच टणक असतं. पाणी उकळून खाली उतरवा, वाफ थोडी बसली की बी त्यात ३-४ मिनिटं ठेवा आणि मग रात्रभर साध्या पाण्यात भिजवा. गिरिपुष्प हेही पाल्याचंच झाड; त्याच्या मीटरभर लांब, अंगठ्याहून जाड फाट्या नुसत्या खोचल्या तरी जगतात.

घोटाळा होतो तो छाटणीत. झाड पुरुषभर उंच होईपर्यंत कोयता लावू नका. मग कमरेच्या उंचीवर, साधारण ९० सेंटीमीटरवर छाटा. बुंध्याशी कापलंत तर नवे कोंब शेळ्यांच्या तोंडी लागतात आणि झाड खुरटतं. पुढे दर ४० ते ६० दिवसांनी छाटणी. सुबाभळीला शेंगा धरू देऊ नका, नाहीतर पुढच्या वर्षी ती पिकातून उपटत बसाल.

आता चारायचं कसं? हळूहळू. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटातल्या सूक्ष्मजीवांना नवा पाला पचवायची सवय लागावी लागते. पहिल्या दिवशी शेळीला दोन-चार मुठी द्या आणि १०-१५ दिवसांत वाढवत न्या. एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्यावर जाऊ नका. ३० किलोच्या शेळीला किलो-सव्वा किलो ओला पाला पुरे. सुबाभळीत मिमोसिन हा विषारी घटक असतो, म्हणून तिच्या बाबतीत ही मर्यादा काटेकोर पाळा. आठवडेच्या आठवडे तीच घातली तर केस गळतात, गलगंड होतो. दोन-तीन झाडांचा पाला मिसळून दिलात तर उत्तम. घोड्याला मात्र सुबाभूळ नकोच.

गिरिपुष्पाला उंदीरमारी म्हणतात, त्यामुळे लोक बिचकतात. उंदरांसाठी साल आणि बिया वापरतात; पाला गाई-शेळ्यांना चालतो, घोड्याला नाही. वासामुळे शेळ्या आधी तोंड फिरवतात. संध्याकाळी तोडून रात्रभर सुकत ठेवा, सकाळी खातात.

पाला जमिनीवर टाकू नका. शेळी भारी नखरेल, तुडवलेलं खात नाही. डहाळ्यांची पेंढी बांधून तिच्या तोंडाच्या उंचीवर टांगा.

पावसाळा सरताना पाला उरतो. फाट्या सावलीत पसरा. उन्हात पानं पिवळी पडतात आणि कसही जातो. पानं कुरकुरीत झाली की फाट्या झोडा, पाला गोणीत भरा आणि उन्हाळ्यात कडब्याच्या कुट्टीत मिसळा. दमट राहिलेल्या पाल्याला बुरशी धरते, तसली गोणी उकिरड्यावर टाका. झोडून उरलेल्या काड्या चुलीला होतात.