मेटल-हार्डकोअर संगीताचं परीक्षण लिहायचंय? आधी ड्रमकडे कान लावा
‘भन्नाट’, ‘दणदणीत’, ‘कानठळ्या बसवणारं’ ही विशेषणं कुठल्याही मेटल बँडला चिकटतात, त्यामुळे वाचकाच्या हाती काहीच लागत नाही. त्यापेक्षा ड्रम ऐका. ब्लास्ट बीटमध्ये, म्हणजे अतिवेगवान सलग ड्रमवादनात, स्नेअरचा (ड्रमसेटमधल्या कडक आवाजाच्या ड्रमचा) प्रत्येक फटका सुटा ऐकू येतो, की गिटारच्या गदारोळात विरून जातो? ब्रेकडाउनला, म्हणजे गाण्याच्या संथ, जड भागात, वेग उतरतो तेव्हा सगळे एकदम उतरतात का? एवढं नीट लिहिलंत तरी अर्धं काम झालं.

अल्बम एकदा तरी कमी आवाजात ऐका. मोठ्या आवाजात सगळंच भारी वाटतं. आणि लांबी कमी म्हणून गुण कापू नका. स्लेअर या बँडचा १९८६चा ‘रेन इन ब्लड’ जेमतेम २९ मिनिटांचा आहे, आणि थ्रॅशमध्ये, म्हणजे मेटलच्या वेगवान प्रकारात, आजही त्याचा दाखला देतात.

लाइव्ह शोला इअरप्लग हवेतच. काही गाणी मिक्सरच्या टेबलाजवळ उभं राहून ऐका, तिथे आवाज सहसा सगळ्यात स्वच्छ असतो. मग पिटच्या, म्हणजे स्टेजसमोर धक्काबुक्की करत नाचणाऱ्या गर्दीच्या, कडेला जा. हार्डकोअरमध्ये, म्हणजे पंकच्या वेगवान, आक्रमक प्रकारात, गर्दी माइकवर तुटून पडून गायकासोबत ओरडते का, हे रिफइतकंच (गिटारच्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या तुकड्याइतकंच) महत्त्वाचं. आवाज गढूळ वाटला तर बँडला झोडपण्याआधी, त्याच स्टेजवर आधीच्या बँडचा कसा होता ते आठवा.