पोट उघडल्यावर सलाईन किती सोडायचं?

रेसिडेन्सीत आम्हाला घोकून घेतलं होतं, पोट उघडं म्हणजे 'थर्ड स्पेस'मध्ये (रक्तवाहिन्यांच्या बाहेर, जिथे ते कामाचं राहत नाही) पाणी जाणार, म्हणून तासाला किलोमागे ८-१० एमएल चालूच ठेवा. ते विसरा आता. असं ओतत राहिलं की आतडी सुजतात, पोट चालू व्हायला उशीर होतो. पण म्हणून पेशंटला सुकवायचंही नाही हां, २०१८ च्या रिलीफ ट्रायलमध्ये ३००० पेशंट होते, २४ तासांत एका ग्रुपला साधारण ३.७ लिटर आणि दुसऱ्याला ६.१, आणि किडनीला मार कमी पाणीवाल्यांत जास्त बसला, ८.६ टक्के विरुद्ध ५.

बेसला आरएल (रिंगर लॅक्टेट) लावा. एनएसमध्ये (नॉर्मल सलाईन) क्लोराइड लिटरमागे १५४ मिलीमोल असतं, दोन-तीन लिटर गेलं की एबीजीत (धमनीच्या रक्ताची गॅस तपासणी) ॲसिडोसिस, म्हणजे रक्तात आम्ल वाढलेलं दिसतं आणि आपल्याला वाटतं परफ्युजन (अवयवांना होणारा रक्तपुरवठा) बिघडलं, मग अजून एनएस, अशी गंमत मी स्वतः करून बसलोय.

बोलस (थोडं सलाईन एकदम) द्यायचा तर २५० एमएल, ५-१० मिनिटांत, आणि स्ट्रोक व्हॉल्यूम (हृदयाच्या एका ठोक्याला बाहेर पडणारं रक्त) आधी-नंतर बघायचा. १० टक्के किंवा जास्त वाढला तर फायदा झाला, गरज वाटली तर परत द्या, नाही वाढला तर थांबा. सीव्हीपी (हृदयाजवळच्या मोठ्या शिरेतला दाब) बघून ठरवू नका, त्यातून हे कळत नाही.

स्ट्रोक व्हॉल्यूम मोजायला डॉपलर वगैरे नसेल पण ए-लाइन (धमनीत घातलेली बीपीची नळी) असेल तर पीपीव्ही (श्वासागणिक पल्स प्रेशर किती टक्के बदलतं) बघा: १३ च्या वर असेल तर बहुतेक फायदा होईल, ९ च्या खाली नाही, मधलं सगळं धूसर. फक्त रिदम सायनस (हृदयाचे ठोके नियमित, नॉर्मल) हवा, पेशंट स्वतः श्वास घेत नसावा आणि टायडल व्हॉल्यूम (व्हेंटिलेटरच्या एका श्वासातली हवा) किलोमागे ८ एमएल हवा (आयडियल वजनाने). आपण हल्ली ६ ठेवतो, त्यामुळे आकडा खोटा कमी येतो. अशा वेळी एक मिनिट ८ करून बघा, पीपीव्ही साडेतीनने वर गेला तर पेशंट पाणी मागतोय. दुर्बिणीच्या केसला पोटात गॅस भरला की मात्र या आकड्यावर फार विसंबू नका.

एपिड्यूरलनंतर (पाठीच्या कण्यातून दिलेली भूल) बीपी पडलं तर तिथे पाणी कमी झालेलं नसतं, रक्ताच्या नळ्या सैल झालेल्या असतात, थोडं नॉरॲड (नॉरॲड्रेनलिन, नळ्या आवळणारं औषध) लावा, मीन बीपी ६५ च्या वर ठेवा. रक्त जात असेल तर अर्थात गोष्ट वेगळी, तिथे वाट बघायची नाही.

आणि तासभर युरिन कमी आलं म्हणून लगेच बाटली सोडू नका, ऑपरेशनच्या ताणाने एडीएच (लघवी कमी करणारं हार्मोन) वाढतं, किडनी पाणी धरून ठेवते. बाकी सगळं ठीक असेल तर बघत राहा. वॉर्डात पाठवताना पेपरवर स्पष्ट लिहा, तोंडाने पाणी नीट जायला लागलं की सलाईन बंद, नाहीतर सवयीने तीन दिवस चालू राहतं.