गाडीची बॅटरी काढताना आधी मायनस, लावताना शेवटी मायनस

इंजिन बंद करा, किल्ली काढून खिशात ठेवा. केबल काढल्यावर सेंट्रल लॉक चालत नाही. अंगठी, कडं, घड्याळ उतरवा.

बहुतेक छोट्या पेट्रोल गाड्यांना १० नंबरचा पाना लागतो. आधी काळी, म्हणजे मायनस केबल सोडवा. गाडीची अख्खी बॉडी मायनसला जोडलेली असते. प्लस आधी सोडवायला गेलात आणि पाना बॉडीला टेकला, तर थेट शॉर्ट: ठिणग्या, वितळलेला पाना, भाजलेला हात. काळी केबल फडक्यात गुंडाळून बाजूला सारा, मगच लाल, म्हणजे प्लस.

क्लॅम्प, म्हणजे केबलच्या टोकाची पकड, अडकला तर हातोडी नको, बॅटरीचा पोल (वर आलेला खुंट) तुटतो. हलकेच डावी-उजवीकडे फिरवत वर काढा. पांढरी-हिरवी बुरशी दिसली तर खाण्याचा सोडा कोमट पाण्यात कालवून जुन्या टूथब्रशने घासा. पाणी झाकणांतून आत जाऊ देऊ नका. पुसून कोरडं करा.

जोडताना आधी लाल, मग काळी. शेवटी बारीकशी ठिणगी उडते, घाबरू नका. मात्र नुकतीच चार्ज केलेल्या बॅटरीजवळ हायड्रोजन असतो, हवा खेळती ठेवा. क्लॅम्प हाताने हलता कामा नये. वरून व्हॅसलीन.

नंतर घड्याळ लावा. इंजिन थोडा वेळ उगाच गुरगुरेल, ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, आयडलिंग (गाडी उभी असतानाचा इंजिनाचा वेग) नव्याने शिकतो.