चौलच्या बंदरातला यवन: रोमन काळातली प्रेमकथा कशी लिहावी

रोमन काळातली प्रेमकथा म्हटली की लेखक थेट रोमच्या संगमरवरी महालात शिरतो आणि तिसऱ्या पानावर अडकतो, कारण त्या महालातलं काहीच त्याच्या हाताखालचं नसतं. कोकणातल्या लेखकाला हा खटाटोप करायची गरज नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तच्या बंदरांतून निघालेली जहाजं आपल्या किनाऱ्यावर येत होती. त्याच शतकाच्या मध्यावर लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक सागरी मार्गदर्शिकेत सोपारा आणि कल्याण आहे, आणि ‘सेमिल्ला’ या नावाने चौलही आहे. घारापुरीला रोमन मद्यकुंभांची खापरं मिळाली आहेत. नायक जहाजातून उतरवा आणि नायिका चौलची ठेवा. निम्मं जग तुमच्या ओळखीचं होईल.

कथेतला अडसर मात्र त्या काळातूनच यायला हवा. दुष्ट मामा, चोरलेलं पत्र, ऐनवेळी उगवलेली जुनी प्रेयसी कुठल्याही शतकात चालतात, म्हणून इथे त्यांचा उपयोग नाही. या कथेत माणसं दुरावतात ती वाऱ्यामुळे आणि कायद्यामुळे. या दोन्हींचं टिपण आधी तयार करा, पात्रांची नावं नंतर ठेवा.

वाऱ्याचं वेळापत्रक

इजिप्तहून हिंदुस्थानकडे निघायचा महिना जुलै. त्याच शतकातल्या प्लिनी या रोमन लेखकाने टप्पे दिले आहेत: नाईलकाठच्या कॉप्टोसपासून तांबड्या समुद्रावरच्या बेरेनिकेपर्यंत उंटांवरून 12 दिवस, बेरेनिकेहून अरबस्तानच्या टोकाशी असलेल्या ओकेलिसपर्यंत साधारण 30 दिवस, आणि तिथून नैऋत्य मोसमी वाऱ्यावर मलबारातल्या मुझिरिसपर्यंत 40 दिवस. आपल्या किनाऱ्यासाठी भाद्रपद धरा. नारळी पौर्णिमा होऊन गेलेली आहे, गावच्या होड्या पाण्यात आहेत, आणि क्षितिजावर मोठं शीड दिसतं. परतीचा वारा डिसेंबरमध्ये लागतो. जानेवारीच्या मध्याच्या आत निघावंच लागतं, नाहीतर मुक्काम वर्षभराने वाढला. म्हणजे नायक-नायिकेच्या हाती भाद्रपदाच्या अखेरीपासून मार्गशीर्ष-पौषापर्यंतचे साडेतीन महिने येतात.

यातूनच पत्रांचा नियम निघतो. डिसेंबरात चौलहून निघालेलं पत्र वसंतात अलेक्झांड्रियाला पोचेल, आणि उत्तर जुलैच्या जहाजाने निघून सप्टेंबरात हाती पडेल. नऊ महिने! नायिकेने पंधरा दिवसांत उत्तर वाचलं की सगळी कथा कोसळते, आणि ही चूक फार जणांकडून होते. कारण साधं आहे: विरह लांबला तर वाचक कंटाळेल अशी धास्ती वाटते. विरह लांब ठेवा, पण त्याला शब्द कमी द्या.

बारा हजार शब्दांची दीर्घकथा धरली, दिवाळी अंकाला साजेशी, तर जहाज येणं आणि पहिली भेट दीड हजारात संपवा. आश्विन-कार्तिकाला साडेपाच हजार द्या, कारण प्रेम तिथे वाढतं. मार्गशीर्षातल्या निर्णयाला तीन हजार, मधल्या रिकाम्या काळाला पाचशेच, आणि पुनर्भेटीला उरलेले दीड हजार. पुनर्भेट याहून लांबवली तर ती निरोपासारखी वाटू लागते.

कायद्याची गाठ

नायक ‘रोमन’ असला म्हणजे तो टोगा घालून लॅटिन बोलत उतरला असं नाही. या व्यापारातले बहुतेक लोक इजिप्तमधले ग्रीकभाषक. टोगा फक्त नागरिकाचा, आणि तोही समारंभाचा पोशाख; गलबतावर ट्यूनिक, म्हणजे साधा सदरा. त्याला इथे सगळे ‘यवन’ म्हणतील; तेव्हा ग्रीकांना तोच शब्द होता.

सर्वांत उपयोगी नायक म्हणजे मुक्त केलेला गुलाम, जो आता धन्याचा अडत्या म्हणून फिरतो. असे लोक खरोखर असत. आनियुस प्लोकामुस या कर-ठेकेदाराचा मुक्त गुलाम वाऱ्याने भरकटून श्रीलंकेला पोचला, हे प्लिनीनेच नोंदवलंय. रीतसर मुक्त झालेला रोमन नागरिकाचा गुलाम नागरिक होई आणि धन्याची पहिली दोन नावं घेई. धनी पुब्लियुस आनियुस असेल तर तुमचा हर्मेस ‘पुब्लियुस आनियुस हर्मेस’ होईल. स्वतंत्र झाला तरी धन्याला ठरलेली सेवा आणि आदर देणं त्याला बंधनकारक होतं. याच बंधनातून कथा घडते: मार्गशीर्षात जहाज सोडून राहणं म्हणजे धन्याच्या मालाचा विश्वासघात.

दुसरी गाठ विवाहाची. रोमन कायद्यात पूर्ण विवाहासाठी दोघांना परस्परांशी विवाहाचा हक्क लागे. चौलच्या मुलीला तो नव्हता. ते एकत्र राहू शकत, पण मूल रोमन नागरिक होत नसे. शिवाय सम्राट ऑगस्टसच्या इ. स. पू. 18 आणि इ. स. 9 च्या कायद्यांमुळे 25 ते 60 वयाच्या अविवाहित पुरुषाला जवळच्या नात्याबाहेरच्या माणसाच्या मृत्युपत्रातून वारसा घेता येत नसे. अलेक्झांड्रियात कुणी स्नेही मरून त्याच्या नावे काही ठेवून गेला, तर तिथल्या नागरिक मुलीशी लग्न करण्याचा दबाव आपोआप येतो, खलनायक लागत नाही. नायक सैनिक करायचा मोह आवरा: सम्राट सेप्टिमियुस सेव्हेरुसच्या काळापर्यंत, म्हणजे दुसऱ्या शतकाच्या अखेरीपर्यंत, सैनिकाला कायदेशीर लग्नच करता येत नसे, आणि ती कथा वेगळी होते.

गुलाम आणि धनी यांच्यात प्रेम दाखवायचं असेल तर थांबून विचार करा. गुलामाला नकार देण्याचा हक्क नव्हता. राजांसाठी सुंदर मुली भरुकच्छला (आजच्या भरूचला) आणल्या जात, हे पेरिप्लसच्या मालाच्या यादीत मद्याच्या आणि कापडाच्या रांगेत लिहिलंय. अशा नात्याला प्रणय म्हणून रंगवणं वाचकाची फसवणूक आहे. आधी मुक्ती, मग तिला ‘नाही’ म्हणता येईल असा प्रसंग, मगच प्रेम; हा क्रम मोडू नका.

कल्याणचा प्रसंग

कार्तिकात कथेला मोठा धक्का हवा असतो, आणि तो पेरिप्लसने तयारच ठेवलाय. कल्याण पूर्वी कायदेशीर बाजारपेठ होती, पण सत्ताबदलानंतर तिथे चुकून शिरलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भरुकच्छला नेली जात. नायक चौलहून कल्याणला कापूस बघायला गेला आणि अडकला, तर वारा निघून जायला आठवडे उरलेले असतात आणि नायिकेला काहीच कळत नाही. लढाई नको, समुद्री चाचे नकोत. एक पहारा पुरे.

किनाऱ्यावरचा तपशील

नायिकेच्या अंगावर काय होतं हे कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दर्शनी भिंतीवरच्या जोडप्यांत बघा: कमरेचं वस्त्र, जड मेखला, पायांत भरगच्च वाळे. नथ कुठेही नाही. ती फार नंतरची. नऊवारीही नको. परसात काजू, पेरू, पपई, अननस नको आणि कालवणात मिरची नको, ही सगळी पोर्तुगीजांनंतरची. तिखटपणासाठी मिरी आणि पिंपळी आहेत. नारळ मात्र बिनधास्त वापरा: नाशिकच्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने 32,000 नारळीची झाडं दान दिल्याचं कोरलंय. त्याच लेण्यातल्या दुसऱ्या लेखात 35 कार्षापणांना (चांदीच्या नाण्यांना) एक सुवर्ण (सोन्याचं नाणं) हा भाव आहे. रोमन बाजूला 4 सेस्टर्स नाणी म्हणजे एक चांदीचा डिनॅरियस आणि 25 डिनॅरियस म्हणजे एक सोन्याचा ऑरियस.

नावं लेण्यांतून घ्या, कादंबऱ्यांतून नव्हे. बलसिरी, नागनिका, दखमिता ही त्या काळच्या बायकांची कोरीव नावं. तळा गावाजवळच्या कुड्याच्या लेण्यांत माळी, वैद्य आणि लोखंडाचा व्यापारी दाते आहेत. नायिकेचा बाप यांतला कुणीही होऊ शकेल. राजकन्येपेक्षा वैद्याची मुलगी बरी, कारण तिच्याकडे दुखणाईत खलाशी येतील आणि भेटीला निमित्त शोधावं लागणार नाही. तारीख ‘गिम्हपखे दुसरा, दिवस तेरावा’ अशी ऋतू आणि पक्ष सांगून लिहीत.

संवादात सातवाहन म्हणजे संस्कृतप्रचुर मराठी असा समज सोडा. लोकभाषा प्राकृत होती, आणि हाल राजाच्या नावावर असलेल्या ‘गाथासप्तशती’तल्या बायका शेत, पाणवठा, सासू आणि नवरा यांबद्दल थेट बोलतात. ‘प्राणनाथ’ टाळा. नायक सुरुवातीला दुभाष्याकडून बोलेल. पहिल्या पाच-सहा भेटींत दुभाषा हजर ठेवा. प्रेमाचं वाक्य तिसऱ्याच्या तोंडून जाताना जो अवघडलेपणा येतो, तो एकांताच्या दहा प्रसंगांत मिळत नाही. दुभाषा काढला की त्याच प्रकरणात नायकाची भाषा कच्ची दाखवा, नाहीतर तो एका रात्रीत अस्खलित होतो.

शेवट दोन प्रकारे पटतो. नायक राहिला, तर पुरावा कार्ल्यात आहे: धेनुकाकट या गावच्या यवनांनी तिथल्या खांबांसाठी दानं दिली आहेत आणि तसं लेखांत कोरलंय. त्याचं तिथल्या समाजात मिसळणं दीड हजार शब्दांत बसतं. नायिका गेली, तर बेरेनिकेनंतरचा वाळवंटातला 12 दिवसांचा प्रवास (उन्हामुळे तो बराचसा रात्री होई), नाईलवरची होडी आणि मालावर 25 टक्के जकात घेणारी अलेक्झांड्रियाची वखार हे सगळं दाखवावं लागेल, आणि तिथे तिच्या मुलाचा दर्जा काय हेही ठरवावं लागेल. त्यासाठी आणखी किमान तीन हजार शब्द मोकळे ठेवा. ते नसतील तर तिला चौललाच ठेवा.