मॉडेलची चुगली कड करते

माझा पहिला १:२४ मापाचा, म्हणजे खऱ्याच्या चोविसाव्या हिश्श्याएवढा, मॉडेल ट्रक मी सहा महिने खपून केला. इंजिनाच्या वायरीसुद्धा एकेक ओवल्या. पूर्ण झाल्यावर भाच्याने विचारलं, “मामा, हा लाकडाचा आहे का?” राग आला, पण पोराचं बरोबर होतं. हौद्याच्या कडा मी १ मिलिमीटरच्या पॉलिस्टायरीन या प्लास्टिकच्या शीटच्या जशा कापल्या तशाच ठेवल्या होत्या. गुणिले २४ म्हणजे २४ मिलिमीटर. एवढा जाड पत्रा कुठल्या ट्रकला असतो?

खरा पत्रा दीड मिलिमीटरचा धरला, तर १:२४ मध्ये तो ०.०६ मिलिमीटर होतो. वहीचा कागदही त्याहून जाड. तेवढ्या पातळ शीटची गाडी उभीच राहणार नाही, म्हणून अंग जाड ठेवायचं आणि फक्त डोळ्यांना दिसणारी कड आतून तासायची. मडगार्डची कमान, हौद्याचा वरचा काठ, दाराची खालची बाजू, खिडकीची चौकट, एवढ्याच जागा. बाकी जाड राहिलं तर कोणाला कळत नाही.

तासायचं कसं? आतल्या बाजूने कडेपासून तीन-चार मिलिमीटरवर पेन्सिलीने रेघ मारा. कटरचं पातं उभं धरा आणि कापू नका, खरवडा. बारीक कुरळे निघायला लागतात. रेघेपासून कडेकडे उतार करत जा आणि मधूनमधून तुकडा दिव्यासमोर धरा. पांढऱ्या शीटमधून कडेला उजेड झिरपायला लागला की थांबा. मग ४०० आणि ६०० नंबरचा पॉलिश पेपर, पाणी लावून. घाई केलीत तर कड लाटेसारखी होते, आणि ती सरळ करता करता मडगार्डच लहान होतं. दोन मडगार्ड मी असेच घालवले आहेत.

शीट आरपार कापायची गरज नसते. स्टीलच्या पट्टीखाली मास्किंग टेप चिकटवा म्हणजे ती सरकत नाही. दोन-तीन वेळा हलक्या हाताने खाच पाडा आणि वाकवा, सरळ तुटते. खाचेच्या दोन्ही बाजूंना प्लास्टिक किंचित वर उचललं जातं, ते खरवडून टाका. नाहीतर सांधा बसत नाही आणि आपण उगाच पुट्टीचे थर देत बसतो.

मापं खऱ्या गाडीची मिलिमीटरमध्ये लिहून २४ने एकदाच भागा. ७.२ मीटरचा ट्रक ३०० मिलिमीटर. एका तुकड्यावरून दुसऱ्याचं माप घेत गेलं की चूक साचत जाते. चासी, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, आधी करा, गुण्या लावून. चाकं तात्पुरती बसवून गाडी काचेवर ठेवा आणि चारही कोपरे बोटाने दाबून पाहा. डुगडुगत असेल तर आत्ताच ॲक्सल सोडवा, रंगानंतर हे काम होत नाही.

कमानपाट्यांत, म्हणजे ॲक्सलजवळच्या एकावर एक रचलेल्या स्प्रिंगच्या पट्ट्यांत, मात्र जाडी आपल्या बाजूची. खरा पाटा सेंटिमीटरभर जाड असतो, त्यामुळे ०.५ मिलिमीटरची पट्टी जवळपास बरोबर बसते. वरची सर्वात लांब, खाली प्रत्येक पट्टी थोडी आखूड. वाकवायला पट्टी धातूच्या नळीवर टेपने बांधून उकळत्या पाण्यात धरा, मग थंड पाण्यात. ती थोडी उलगडते, म्हणून नळी हव्या त्या गोलाईपेक्षा लहान घ्या.

शीटला शीट जोडायला पातळ द्रव सिमेंट, म्हणजे प्लास्टिक किंचित विरघळवून चिकटवणारा द्रव. तुकडे आधी जुळवून धरा, ब्रशचं टोक सांध्याला टेकवा, द्रव आपोआप आत ओढला जातो. खिडकी उघडी ठेवा, वास डोक्यात जातो. दोन जाड शीट एकावर एक चिकटवायच्या असतील तर आतल्या शीटला आधी भोकं पाडा. मी पाडली नव्हती. मधे अडकलेल्या द्रवाने प्लास्टिक आतून मऊ केलं आणि रंगवलेली केबिन काही आठवड्यांनी पाठीला बाक आल्यासारखी वाकली. धातूला सुपरग्लू चालतो, पण पारदर्शक काचेजवळ तो नको, त्याच्या वाफेने काच पांढुरकी होते. काचेला साधा पांढरा गोंद.

रंगापूर्वी साबणाच्या पाण्याने धुवा, बोटांचं तेल राहतं. रंगाखालचा पहिला थर म्हणजे करडा प्रायमर, तो सगळे ओरखडे दाखवतो, म्हणून तो फवारल्यावर पुन्हा एकदा घासायची तयारी ठेवा. रंगाचे दोन-तीन पातळ हात द्या. एकाच जाड हातात मेहनतीने तासलेली कड पुन्हा गोल होते. नवा रंग आधी प्लास्टिकच्या चमच्यावर फवारून बघा. लॅकर आणि इनॅमल हे रंगाचे दोन प्रकार. लॅकरवर इनॅमल चालतं. इनॅमलवर लॅकर मारलं तर खालचा रंग सुरकुततो. स्टिकर लावण्याआधी ग्लॉसचा, म्हणजे चकचकीत, थर हवा, खरखरीत पृष्ठभागावर त्याखाली हवा अडकून चंदेरी दिसते.

शेवटी झीज. स्पंजचा तुकडा गडद तपकिरी रंगात बुडवून कागदावर जवळजवळ कोरडा होईपर्यंत टिपा, मग फाळक्याच्या वरच्या काठावर आणि पायरीवर टेकवा. दाराच्या मधोमध नको, तिथे कोणी पाय ठेवत नाही.