एसईएम शिकताना: फिटच्या आधी मोजमाप

समाजशास्त्र, मानसशास्त्र, शिक्षणशास्त्र अशा विषयांत पीएचडी करणारी मुलं माझ्याकडे येतात तेव्हा पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो: "मॅडम, मॉडेल फिट होत नाहीये, काय करू?" प्रश्नावल्या भरून झालेल्या असतात, आमोस या सॉफ्टवेअरमध्ये बाण काढून झालेले असतात आणि सीएफआय (मॉडेल डेटाशी किती जुळतं, म्हणजेच फिट किती, हे सांगणारा आकडा; १ च्या जितका जवळ तितका चांगला) ०.९० च्या खाली अडकलेला असतो. फिट वाढवून दाखवणं फारसं अवघड नाही. पण त्या वाढलेल्या फिटमधून माणसांबद्दल काय कळलं, हे व्हायव्हात विचारलं की गाडी अडते. म्हणून स्ट्रक्चरल इक्वेशन मॉडेलिंगकडे (एसईएम, म्हणजे थेट मोजता न येणाऱ्या गोष्टींमधले संबंध प्रश्नांच्या किंवा चाचण्यांच्या उत्तरांवरून तपासायची पद्धत) नव्याने वळणाऱ्यांनी सुरुवात स्वतःच्या डेटापासून करू नये, असं माझं ठाम मत आहे.

आर हे संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर मोफत आहे, त्यातलं एसईएमसाठीचं लाव्हान पॅकेजही मोफत. त्याच्यासोबत सरावासाठी होल्झिंगर आणि स्वाइनफर्ड यांचा १९३९ चा डेटा मिळतो: अमेरिकेतल्या दोन शाळांमधली सातवी-आठवीची ३०१ मुलं आणि नऊ चाचण्या. पहिल्या तीन चाचण्या दृश्य क्षमतेच्या, पुढच्या तीन वाचन-आकलनाच्या, शेवटच्या तीन वेगाच्या. म्हणजे तीन सुप्त चल (थेट न मोजता येणाऱ्या क्षमता, यांनाच घटकही म्हणतात), प्रत्येकाला तीन निर्देशक (ती क्षमता दाखवणाऱ्या चाचण्या).

मॉडेल चालवण्याआधी कागदावर हिशेब करा. नऊ चाचण्यांमधून ४५ प्रसरण-सहप्रसरणं (प्रत्येक चाचणीचा फैलाव आणि प्रत्येक जोडीचा संबंध) मिळतात, मॉडेलला २१ प्राचलं (अज्ञात आकडे) काढायची आहेत, उरले २४ डिग्रीज ऑफ फ्रीडम. हा हिशेब हाताने जमला नाही, तर सॉफ्टवेअर काय करतंय हे पुढेही कळणार नाही. आता चालवा. काय-वर्ग ८५.३, सीएफआय ०.९३१, आरएमएसईए ०.०९२, एसआरएमआर ०.०६५ (सीएफआय सोडून हे सगळे फिटचे आकडे जितके लहान तितके चांगले). पुस्तकात शिकवायला वापरतात तो डेटा, तरी फिट जेमतेमच.

इथे मॉडिफिकेशन इंडायसेस (मॉडेलमध्ये एखादा दुवा जोडला तर काय-वर्ग साधारण किती कमी होईल याच्या सूचना) मागवा आणि घाई न करता वाचा. सगळ्यात वरची सूचना सुमारे ३६ ची: नववी चाचणी दृश्य क्षमतेलाही जोडा. दुसरी सुमारे ३४ ची: सातव्या आणि आठव्या चाचणीच्या त्रुटी (सुप्त चलाने न समजावलेला भाग) एकमेकींना जोडा. आकडे जवळजवळ सारखे आहेत, त्यामुळे निवड आकड्यावर होत नाही. मग चाचण्या काय होत्या ते बघावं लागतं. सातवी भरभर बेरजा करायची, आठवी ठिपके मोजायची. नववीत इंग्रजीतली सरळ रेषांची आणि वक्र रेषांची मोठी अक्षरं वेगाने वेगळी करायची होती. अक्षराचा आकार ओळखायला नजर लागतेच, म्हणून पहिल्या सूचनेला अर्थ आहे. बेरीज आणि मोजणी दोन्ही अंकांची कामं, म्हणून दुसरीलाही आहे. एक बदल स्वीकारला की दुसऱ्या सूचनेचा आकडा बदलतो, म्हणून एका वेळी एकच बदल करायचा. आणि ज्या सूचनेचं कारण चाचणीच्या मजकुरात सापडत नाही, ती कितीही मोठी असली तरी सोडून द्यायची. तुमच्या प्रबंधात नेमकं हेच करायचं आहे.

सीएफआय ०.९५, आरएमएसईए ०.०६, एसआरएमआर ०.०८ या मर्यादा सगळे पाठ करतात. त्या हू आणि बेंटलर यांच्या १९९९ च्या लेखातून आल्या, आणि तो अभ्यास संगणकावर तयार केलेल्या, तीन घटक आणि पंधरा निर्देशक असलेल्या मॉडेलांवर होता. आठ घटकांच्या तुमच्या मॉडेलला त्या जशाच्या तशा लावता येत नाहीत. शिवाय प्रश्न कच्चे असले, निर्देशकांचे भार (सुप्त चलाशी असलेला जोर) कमी असले, तर चुकीच्या मॉडेलचाही आरएमएसईए छान दिसू शकतो. म्हणून फिटच्या आधी भारांचा तक्ता बघायची सवय लावा.

पाच पर्यायांच्या लायकर्ट प्रश्नांबद्दल ('पूर्ण असहमत' ते 'पूर्ण सहमत' अशा) थोडक्यात: उत्तरं एका टोकाला झुकलेली असतील तर ती क्रमवाचक म्हणूनच द्या, लाव्हान मग अशा उत्तरांसाठीची डब्ल्यूएलएसएमव्ही ही गणिताची पद्धत वापरतं. उलट अर्थाचे प्रश्न बऱ्याचदा स्वतःचा वेगळाच गट करून बसतात, तेही तपासा.

बाणांच्या दिशेबद्दल मात्र मला जास्त काळजी वाटते. समजा तुमचं मॉडेल म्हणतं की सामाजिक आधारामुळे आत्मविश्वास वाढतो आणि आत्मविश्वासामुळे परीक्षेचा ताण कमी होतो. सगळे बाण उलटे करून चालवून बघा: ताणाकडून आत्मविश्वासाकडे, तिथून आधाराकडे. काय-वर्ग तोच, सीएफआय तोच. एकाच बैठकीत भरून घेतलेली प्रश्नावली या दोन गोष्टींत निवड करू शकत नाही. दिशा सिद्धांतातून, वेळेच्या अंतराने घेतलेल्या मोजमापांतून किंवा प्रयोगातून यावी लागते. प्रबंधात "परिणाम होतो" असं लिहिण्याआधी बाण उलटे करून बघायचा हा खेळ प्रत्येकाने एकदा करावाच.

मुली-मुलगे किंवा शहर-गाव अशी सरासरींची तुलना करायची असेल तर आधी मोजमाप दोन्ही गटांत सारखं आहे का ते बघा. याच डेटात दोन्ही शाळांचे भार सारखे मानले तर फिट फारसा घसरत नाही, काय-वर्ग फक्त ८.२ ने वाढतो. इंटरसेप्टही (सुप्त क्षमता शून्य असताना चाचणीत अपेक्षित गुण) सारखे मानले की आणखी ४० ने उडी मारतो. म्हणजे सगळे इंटरसेप्ट सारखे धरून या दोन शाळांच्या क्षमतेची सरासरी शेजारी-शेजारी ठेवता येत नाही. कुठल्या चाचण्या अडतात ते शोधून त्यांना मोकळं सोडावं लागतं, आणि तसं सोडलंय हे लिहावं लागतं.

प्रबंधात दोन तक्ते द्या: डेटा बघण्याआधी ठरवलेलं मॉडेल आणि नंतर बदललेलं मॉडेल. प्रत्येक बदलासमोर त्याचं एका वाक्यातलं कारण. गाईड "कशाला दोन?" म्हणाले तरी पहिला तक्ता काढू नका.