गाडीतलं कार्पेट साफ करताना या चुका टाळा

दोन पावसाळ्यांपूर्वी, ऐन जुलैत, मी गाडी आतून शाम्पू करायला एका वॉशिंग सेंटरवर दिली. संध्याकाळी कार्पेट नव्यासारखं दिसत होतं. चौथ्या दिवशी दार उघडलं तर आत ओल्या गोणपाटासारखा कुबट वास. दाराजवळची प्लॅस्टिकची पट्टी काढून कार्पेटचा कोपरा उचलला, खालचं फेल्ट, म्हणजे दाबलेल्या तंतूंचा जाड थर, अंगठ्यानं दाबलं, तर गढूळ पाणी वर आलं. वरून कोरडं, खालून चिंब.

सगळ्यात मोठी चूक हीच, कार्पेटवर पाणी ओतणं. आपल्याला दिसतो तो नुसता वरचा थर. त्याखाली फेल्ट किंवा फोम आणि त्याखाली पत्रा. फोम पाणी पितो आणि सोडत नाही. वरून सगळा तळ झाकणारी जाड सेव्हन डी मॅट अंथरली की ओल कोंडते, वास येतो, पत्रा गंजतो. सीटखाली वायरिंगही असतं. पिवळं कनेक्टर दिसलं तर ते एअरबॅगचं समजा आणि त्याला हात लावू नका. पाइप तर गाडीत नेऊच नका. स्प्रेची बाटली पुरते.

दुसरी चूक म्हणजे माती तशीच ठेवून ओलं करणं. काटोल किंवा उमरेडकडे शेतावर जाऊन आलं की बुटांसोबत काळी माती येतेच. ती ओली असताना पुसली तर तंतूंच्या मुळाशी जाऊन बसते. तिला पूर्ण वाळू द्या. वाळली की ती आपोआप तडकते. मग ब्रशनं मोकळी करा आणि व्हॅक्यूमला अरुंद तोंड लावून ओढा. सीट आधी पूर्ण पुढे, मग पूर्ण मागे सरकवा. एका हातानं कार्पेट थापटत राहिलं की खालची बारीक धूळ वर येते. यात अर्धा तास गेला तरी जाऊ द्या, पाऊण काम इथेच होतं.

शाम्पू जास्त घातला म्हणून जास्त साफ होत नाही. उरलेला साबण चिकट राहतो, धूळ धरतो आणि आठवड्यात कार्पेट पुन्हा काळं होतं. असं झालं असेल तर नुसतं कोमट पाणी हलकं फवारा आणि वेट-ड्राय व्हॅक्यूमनं किंवा मायक्रोफायबरच्या कापडानं ओढून घ्या. पुढच्या वेळी डब्यावरचं प्रमाण पाळा आणि फेस कार्पेटवर न टाकता ब्रशवर घ्या.

सावजीच्या रश्श्याचं पार्सल सांडलं तर घासू नका, डाग पसरतो. कापडानं बाहेरून आत टिपा. तेलावर कॉर्नफ्लोअर भुरभुरा, अर्ध्या तासानं व्हॅक्यूम करा, मग भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब पाण्यात घालून टिपा. इथे डाग एकदम लाल होऊ शकतो. घाबरू नका, हळद अल्कधर्मी साबणानं लाल होते. पाणी घातलेल्या व्हिनेगरनं टिपलं की पुन्हा पिवळी होते आणि तो पिवळेपणा उन्हात उडत जातो. ब्लीच लावलं तर मात्र कार्पेटचाच रंग जाईल. दूध किंवा उलटी असेल तर गार पाणी वापरा. गरम पाण्यानं डाग पक्का बसतो. वास राहिलाच तर एन्झाइमवालं क्लीनर आणा.

ओलं काम मे महिन्यात करा. आपल्या नागपूरच्या उन्हात चारही दारं उघडी ठेवली की हलकं ओलं कार्पेट एका दुपारी वाळतं. काचा बंद ठेवून उन्हात लावली तर वाफ आतच कोंडते. जुलै-ऑगस्टमध्ये फक्त व्हॅक्यूम. भिजलंच तर कोपरा उचलून खाली टेबलफॅनची हवा रात्रभर जाऊ द्या.

धुतलेलं नसताना पुढच्या डाव्या सीटच्या पायाखाली ओल येत असेल, तर आधी एसीची ड्रेन नळी, म्हणजे एसीचं पाणी बाहेर सोडणारी नळी, पाहा. दमट दिवशी एसी पंधरा मिनिटं चालवा आणि गाडीखाली पाणी ठिबकतं का ते बघा. ठिबकत नसेल तर नळी धुळीनं तुंबली असण्याची शक्यता जास्त, ती मोकळी करून घ्या. पण ती ओल हाताला चिकट लागली आणि गोडसर वास आला, तर तो कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव, असण्याची शक्यता जास्त. ब्रश बाजूला ठेवून गाडी मेकॅनिककडे न्या.